लवादापुढचा खाऊ

एल्पिदिओने काखेतला डबा काढून थेट लवादाच्या चष्म्याशेजारी ठेवला आणि टेबलाचा आधार घेत, कण्हत, पुन्हा खुर्चीत बसला.

"इलोइलोचे बिस्कोचो, सर. मेहुणीच्या भट्टीतले. लोणी, साखर, सगळं सढळ हाताने."

त्याच्या बायकोने, तेसिंगने, डोळे वटारले. रिकाम्या हाताने कुणाच्या दारी जाऊ नये, हे त्यांच्याकडे पोरं बोलायला लागतात तेव्हापासून शिकतात. बोटीने मनिलाला यायचं आणि पासालुबोंग, म्हणजे गावाकडचा खाऊ, आणायचा नाही, तर लोक काय म्हणतील? पण हे काय पाहुण्याचं घर होतं?

"पिदिओंग," ती दातओठ खात पुटपुटली, "अक्कल गहाण टाकलीस का?"

"अगं, खाऊ तर आहे."

कुणावरही भोळेपणाने विश्वास टाकायचा, हाच त्याचा स्वभाव. जहाजाच्या इंजिनखोलीत काम करताना शिडीवरून पडून त्याचा मणका गेला, तर कंपनीचा डॉक्टर म्हणाला, दुखणं जुनंच आहे. भरपाई मिळाली नाही, तर तिने सुकवलेल्या मासळीवर पाच तोंडं जगायची होती. करारात होतं, वाद झाला तर कोर्टाआधी लवादाकडे जायचं, आणि त्याची फी दोघांनी निम्मी-निम्मी भरायची. निम्मी तरी कुठून आणणार? तेव्हा कंपनीचा वकील विलारुस आपणहून म्हणाला होता, सगळी आम्हीच भरतो. एल्पिदिओने त्याचे हात धरून आभार मानले होते. तेसिंगने मानले नव्हते. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, एवढं कळायला वकिली शिकावी लागत नाही.

विलारुस उठला. आता हा आक्षेप घेणार, लाच म्हणणार, असं तिला वाटलं. त्याने डब्याचं झाकण काढलं, एक तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले.

"वा, मानोंग, वा दादा! हातात जादू आहे तुमच्या मेहुणीच्या. सर, घ्या ना तुम्हीही."

लवादाने जरा संकोचत एक उचलला. तेवढ्यात विलारुसने मोबाइल काढला.

"बायकोला दाखवतो. तिला फार आवडतात."

फोटोत डबा आला, एल्पिदिओचं हसू आलं, लवादाचा हातही आला.

मग तेसिंगच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आपण हरलो, तर हा फोटो याची बायको बघेल. जिंकलो, तर लाचेचा पुरावा म्हणून कोर्ट बघेल. रागाने तिचे कान तापले. ती उठून उभी राहिली.

"सर, हे लिहून घ्या. आम्ही तुमच्यासाठी बिस्कोचो आणले."

"मानांग, अहो ताई, खाऊ कुणी लिहितं का?" विलारुस हसला.

"लिहितात. आणि त्याच्याखाली हेही लिहा, की तुमची सगळी फी ही माणसं भरतात. लिहायचं तर दोन्ही लिहा."

एल्पिदिओ तिची बाही ओढत होता. कोपऱ्यात टंकन करणाऱ्या बाईने मान वर केली.

"दोन्ही लिहू का, सर?"

लवादाने रुमालाला बोटं पुसली. आणि उत्तर देण्याआधी विलारुसकडे पाहिलं.