नीलम्माची ढोलक

मित्रांनो, मी एक जुनी ढोलक आहे आणि सध्या माझ्या कड्या सैल आहेत. ढोलकीच्या आयुष्यात याहून सुखाची अवस्था नाही. हे तुम्हाला एवढ्यात पटणार नाही, म्हणून सुरुवातीपासून सांगते.

मी आंब्याच्या लाकडाची. माळेगावच्या जत्रेत उत्तरेकडून ढोलक बनवणारी कुटुंबं येतात आणि रस्त्याकडेला पालं ठोकतात. अशाच एका पालात माझं खोड आतून कोरलं गेलं. दोन्ही तोंडांवर कातड्याची पुडी चढली, दोरी ओवली गेली आणि दोरीत पितळी कड्या बसल्या. कड्या ओढल्या की पुडी ताणते आणि सूर चढतो. कड्या मागं सरकवल्या की पुडी सैलावते. वाजवण्याआधी ओढायच्या आणि वाजवून झालं की सोडायच्या, हा आमचा नियम. झोपताना माणूस कंबरेचा पट्टा काढतो, तसंच समजा.

मला जत्रेतून नांदेडला नेलं खैरुन्निसाने. तिच्या गल्लीत लग्न ठरलं की बायका अंगणात गोल करून बसत आणि ढोलकची गीतं सुरू होत. एकजण मला मांडीखाली दाबून वाजवी, दुसरी समोर बसून स्टीलच्या चमच्याने माझ्या लाकडावर ठेका धरी. त्या गाण्यांत नवऱ्या मुलाच्या आईची खैर नसे. 'समधन आई यष्टी में, चप्पल रह गई डेपो में' असं खैरुन जागच्या जागी जोडून गाई आणि खरी समधन, म्हणजे विहीणबाई, पदर तोंडाला लावून सगळ्यांपेक्षा जास्त हसे.

भिंतीपलीकडे नीलम्मा राहायची. उदगीरकडची, लिंगायत घरातली नवी नवरी. नवरा कापडाच्या दुकानात नोकरीला. इकडे गाणं सुरू झालं की तिकडे कणीक मळता मळता तिची बोटं परातीवर पडू लागत. एक दिवस खैरुनने भिंतीवरून हाक मारली, "ओ भाभी, परात फूटती ना! इधर आव."

नीलम्मा हाताला पीठ तसंच ठेवून आली. पहिल्याच दिवशी तिने चमचा घेतला आणि काही महिन्यांत मलाच मांडीखाली घेतलं. तिच्या हातचं थोडं पीठ माझ्या दोरीत कितीतरी दिवस राहिलं होतं.

पुढे नीलम्माला मुलगी झाली, सुकन्या; ती चार वर्षांची झाली तेव्हा नवऱ्याने लातूरला स्वतःचं दुकान टाकलं. सामान बांधून झालं तेव्हा खैरुन मला घेऊन आली.

"ये मेरी सौतन ले जाव. हमारे मियाँ बोलते, घर में मैं रहूँगा नै तो ये ढोलक रहेगी. मियाँकुच रख लेती, क्या करना!"

नीलम्मा हसली नाही. तिने मला दोन्ही हातांनी पोटाशी धरलं. मग खैरुन म्हणाली, "मगर मेरी पोती की शादी में लेके आना पड़ेगा. वादा करो." तेव्हा खैरुनचा मुलगा अजून शाळेत जात होता. नीलम्माने वचन दिलं.

लातुरात मला ढोलकी म्हणू लागले. नीलम्मा महिलांच्या भजनी मंडळात जाऊ लागली. तिथे बायका शरणांची, म्हणजे लिंगायत संतांची, वचनं गात, पण टाळांवर. तिने मला पुढ्यात ठेवलं तेव्हा मंडळाला शिकवणारे नागप्पा मामा म्हणाले, "अगं, ही लग्नातल्या शिव्यांची ढोलकी. वचनाला चालंल का?"

"मामा, शिव्या मी देत हुते. तिनं निस्ता ठेका धरला."

मामांनी टाळ उचलले. हळूहळू मला नवा हात कळू लागला. नांदेडात माझ्यावर थाप पडायची, इथे बोटं टेकायची. दोन शब्दांमधल्या शांततेतसुद्धा मी असायला हवी, हे मी लातुरात शिकले.

तिसरा धडा दिला अहमदपूरच्या धम्मप्रियाने. ती नर्स आहे आणि भीमगीतं गाते. एका जयंतीला तिचा ढोलकीवाला ऐनवेळी आला नाही. कुणीतरी नीलम्माचं नाव सांगितलं आणि आम्ही दोघी पहिल्या एसटीने अहमदपूरला पोचलो. नीलम्माने सवयीने वचनाची संथ लय धरली. धम्मप्रिया माईक हाताने झाकून मागे वळली.

"मावशी, हितं झोपवायचं न्हाई, उठवायचंय!"

"मग मागं काय बघायलीस? म्होरं बघून गा."

त्या दिवशी नीलम्माने मला असं वाजवलं की माझ्यातच एवढा आवाज आहे हे मला नव्याने कळलं. परतताना तिचे तळवे लाल झाले होते. पुढे दर जयंतीला आम्ही जात राहिलो आणि धम्मप्रियाही नीलम्माकडून ठेका शिकली.

या सगळ्यात एक गोष्ट कधी बदलली नाही. गाणं संपलं, चहा आला की नीलम्मा मुलीला सांगायची, "सुकन्या, कड्या सोड गं." लहानगी सुकन्या एकेक कडी मागं सरकवायची. मोठी होऊन ती कॉलेजात शिकवू लागली, घरात पुस्तकांची कपाटं झाली, तरी हे काम तिचंच राहिलं.

गेल्या श्रावणात एका सोमवारी नीलम्माने मला जुळवलं. एक वचन अर्धं वाजवलं आणि "दम लागलाय, जरा पडते" म्हणून आत गेली. आतून तिला दवाखान्यात नेलं. ती घरी परत आली नाही.

दिवस झाले, पाहुणे गेले. मग सुकन्या माझ्यापाशी बसली. तिने नेहमीसारखा कडीला हात लावला आणि तो तसाच मागे घेतला. त्या कड्या तिच्या अव्वाने, म्हणजे आईने, शेवटच्या ओढल्या होत्या. सुकन्याने मला अव्वाच्या इरकल लुगड्यात गुंडाळलं आणि कपाटावर ठेवून दिलं.

मित्रांनो, मी तिला दोष देत नाही. नियम तिला पाठ होता. पण कड्या सोडल्या असत्या तर अव्वाने लावलेला सूर उतरला असता, आणि तो पुन्हा लावायला अव्वा नव्हती.

लुगड्याच्या आत मी ताणलेली होते. थंडी गेली, ऊन वाढलं. जयंतीच्या आधी धम्मप्रिया आली.

"ताई, मावशी न्हाईत, निदान मावशीची ढोलकी तरी द्या."

"आत्ता नको गं. पुढच्या वर्षी बघू."

धम्मप्रियाने कपाटाकडे पाहिलं, चहा घेतला आणि गेली. मग नांदेडहून फोन आला. खैरुनच्या नातीचं लग्न ठरलं होतं. फोनमधला तो आवाज आता थरथरत होता, पण मी लगेच ओळखला. "तेरी माँ वादा करी थी, बेटी. ढोलक लेके आ."

"बघते, खाला," सुकन्या म्हणाली. तिच्या आवाजावरून मला कळलं, ती मला नेणार नव्हती.

मे महिन्यातल्या एका दुपारी सुकन्या खाली बसून पेपर तपासत होती. लातूरचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे. माझी पुडी आणखी आक्रसली आणि फट्‌कन फाटली. सुकन्या दचकून उठली. तिने माझ्यावरचं लुगडं सोडलं, ती चीर पाहिली आणि ती जमिनीवर बसून राहिली. दवाखान्यातून आल्या दिवशी ती रडली नव्हती. त्या दुपारी रडली.

दुसऱ्या दिवशी मला मांडीवर घेऊन ती नांदेडच्या एसटीत बसली. ही गोष्ट फोनवर सांगण्यासारखी नव्हती.

खैरुन खाटेवर बसली होती. आता तिला नीट दिसत नव्हतं. तिने बोटांनीच चीर चाचपली.

"अव्वानं शेवटचं लावलं होतं, खाला. तसंच जपलं होतं. या पुडीवर तिचा हात होता."

"कौन सी पुडी पे? अगे, ये तो नीलम्मा पिछले सालच चढाई थी! उसके पैले वाली फटी, उसके पैले वाली बी फटी. हर बार मेरेकु फोन करती, आपा, तुमच्या सवतीला नवं लुगडं नेसवलं म्हणून."

सुकन्याने पुडीची फाटकी कड बोटांनी जुळवून पाहिली. मग हळूच म्हणाली, "मग अव्वाचं काय राहिलं यात?"

खैरुनने मला कूस बदलून ठेवलं. सुकन्याचं बोट धरून तिने माझ्या लाकडावर टेकवलं. तिथे लहान लहान खळगे आहेत, चमच्याच्या ठोक्यांचे.

"ये किसके? तू इत्तीसी थी. माँ के सामने चमचा लेके बैठती थी और ताल छोड़के मारती थी. मैं बोली, नीलम्मा, लकड़ी खराब कररी ये छोकरी. उनो बोली, करू द्या आपा, बसली तर हाय माझ्यासमोर."

सुकन्या त्या खळग्यांवरून बोट फिरवत राहिली. संध्याकाळी ती मला घेऊन पुडी चढवणाऱ्याकडे गेली.

लग्नघरी मला नवं कातडं होतं. सुकन्याने धम्मप्रियाला अहमदपूरहून बोलावून घेतलं होतं. धम्मप्रियाने मला मांडीखाली घेतलं, कड्या ओढल्या. नवा सूर अव्वाच्या सुरापेक्षा जरा चढा होता. सुकन्याच्या ते लक्षात आलं, मी पाहिलं.  खैरुनने तिच्या हातात चमचा दिला आणि स्वतः त्या थरथरत्या आवाजात एसटीतल्या समधनीचं गाणं सुरू केलं. दुसऱ्याच ओळीला सुकन्याचा ठोका चुकला.

"अब्बी बी वैसाच!" खैरुन ओरडली आणि सगळं अंगण हसलं. सुकन्याही हसली. तिने चुकत चुकत शेवटपर्यंत साथ केली.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणाची तरी वस्तू मागे राहिली असेल. ती जपा, पण तिला कामाला लावून जपा. तिच्यावर दुसऱ्याचा हात पडू द्या, चुकीचा पडला तरी पडू द्या. आणि काम झालं की तिला मोकळी करा, म्हणजे ती उद्याही उपयोगी पडेल.

गाणी संपली, चहा आला. "कड्या सोड गं" म्हणायला आता कुणी नव्हतं. बायका उठून जेवायच्या पंगतीकडे निघाल्या. सुकन्याने कप बाजूला ठेवला, मला मांडीवर घेतलं आणि एकेक कडी मागं सरकवली.