निरोपाचं थेट प्रक्षेपण

कंपनीच्या ऑनलाइन स्नेहसंमेलनाची जबाबदारी भाचीकडे होती, आणि त्यात निरोप द्यायचा होता तिच्या सख्ख्या मामाला. मामाचं सगळं आयुष्य कंपनीच्या गोदामात गेलं होतं. साहेबांकडे शब्द टाकून भाचीला इथे चिकटवलं होतं तेही त्यानेच.

गेल्या वर्षीचं संमेलन पार झोपलं होतं. भाषण सुरू झालं की लोक कॅमेरा बंद करून भाजी चिरायला जात. या खेपेला साहेबांनी तिला बजावलं होतं, "माणूस पडद्याला खिळून राहिला पाहिजे. नाहीतर हे काम बाहेर देतो."

तिने जीव ओतून आखणी केली. भाषणं छोटी, मध्ये मध्ये प्रश्नमंजुषा, हातोहात निकाल, बक्षिसं, पडद्यावर उडणारे लाल बदाम. किती जण बघतायत, किती सटकले, याचा आलेख तिच्यासमोर सतत हलता राहणार होता.

मामाची तालीम तिने स्वतः घेतली. तो सारखा पडद्यावरच्या आपल्याच चेहऱ्याकडे बघायचा.

"मामा, कॅमेऱ्यात बघ. तो वरचा ठिपका."

"ठिपक्याशी काय बोलायचं गं?" तो हसला. मग म्हणाला, "लंबूबद्दल बोलणार आहे. वहिनींना सांगून ठेवलंय, नक्की बघा म्हणून."

लंबू म्हणजे गोदामातला त्याचा जोडीदार. मालाची मांडणी कोसळली तेव्हा त्याने मामाला ढकलून बाजूला केलं आणि स्वतः खाली सापडून जागीच गेला. वहिनी म्हणजे त्याची बायको. हे मामाने घरात सांगितलं होतं, चारचौघांत कधीच नाही.

"बोल, पण आटोपतं घे," ती म्हणाली.

संमेलनाच्या दिवशी मामा इस्त्रीचा शर्ट घालून बसला. मागे मामी. त्याने आभारांपासून सुरुवात केली. फाटकावरचा पहारेकरी, चहावाला, जुने साहेब, त्यांच्या आधीचे साहेब. आलेख घसरायला लागला. साहेबांचा संदेश आला, "लोक पळतायत. पुढे चला."

'मामा, मुद्द्यावर ये,' तिने त्याच्या पडद्यावर लिहिलं. त्याने वाचलंच नाही. तो ठिपक्याकडे बघत होता, तिनेच शिकवल्याप्रमाणे.

तिने बटण दाबलं. सगळ्यांच्या पडद्यावरून मामा गेला आणि प्रश्न आला: साहेबांना सर्वांत जास्त काय आवडतं, चहा की कॉफी? बदाम उडाले. आलेख सरसर वर चढला.

मामाच्या पडद्यावर मात्र तोच दिसत होता, त्याला काहीच कळलं नाही. त्याचा आवाज आता फक्त तिच्या कानात होता.

"आता लंबूचं सांगतो," तो म्हणाला आणि सांगत गेला. मध्येच चष्मा पुसून तो पुन्हा बोलू लागला. "वहिनी, माझी पोरं बाप बघत मोठी झाली, ती तुमच्या माणसामुळे." त्याने कॅमेऱ्यासमोर हात जोडले.

एक टिचकी मारली असती तर तो सगळ्यांना दिसला असता. तिचं बोट बटणावर होतंही. पण तिकडे बक्षीस जाहीर होत होतं. तिने बोट काढून घेतलं. मागे मामीने एकटीने टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी मामा तिच्या घरी आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"वहिनींचा फोन आला होता. म्हणाल्या, 'भावजी, चहावाल्याचंसुद्धा नाव घेतलंत. आमच्याच माणसाला विसरलात.' मी बोललो ना गं? तू ऐकलंस ना?"

"तुझं नेट गेलं होतं, मामा."

"मग रेकॉर्डिंग?"

ते होतं. शेवटच्या शब्दापर्यंत होतं. पण ते बाहेर आलं असतं तर मामाला कुणी कापलं हेही बाहेर आलं असतं.

"नाही झालं," ती म्हणाली.

मामा तसाच वहिनींकडे गेला. त्यांनी त्याला आत बोलावलं नाही. उंबऱ्यातूनच सगळं ऐकून घेतलं. "नेट गेलं, होय? बरं झालं सांगितलंत," एवढं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं.

इकडे साहेबांनी भाचीचं भर बैठकीत कौतुक केलं, आणि पुढच्या वर्षीपासून निरोपाची भानगडच नको म्हणून सांगितलं. जागेवर परत येऊन तिने ते रेकॉर्डिंग पुसून टाकलं.

संध्याकाळी मामाचा फोन आला.

"माझ्या नेटपायी तुझ्या कार्यक्रमाचा विचका झाला का गं? साहेब बोलले का तुला?"

"थोडंसं बोलले," ती म्हणाली. "मी घेतलं सांभाळून."

"चुकलंच माझं, पोरी," मामा म्हणाला.