उभ्याउभ्याने जीवशास्त्र

गुंडी खांद्यावर असली आणि आई चालत असली, की गुंडी झोपायची. आई बसली रे बसली, की टक्क डोळे उघडून घर डोक्यावर घ्यायची. खुर्चीला नुसता पदर लागला तरी त्या एवढ्याशा जिवाला कळायचं. मग गुंडीच्या आईने जीवशास्त्राचा अख्खा अभ्यास चालता चालताच केला.

पुस्तकाची पानं तिने सुटी केली आणि घरभर चिकटवली. पचनसंस्था शेगडीच्या वर. श्वसनसंस्था खिडकीपाशी. रक्ताभिसरण लांबट बोळकांडीत. जाताना हृदयाकडून फुप्फुसांकडे, येताना फुप्फुसांकडून हृदयाकडे. जीवसंख्येचा धडा थेट मुख्य दारावर, कारण जन्मणारे आणि बाहेरून येणारे आत, मरणारे आणि सोडून जाणारे बाहेर, हे दारात उभं राहिलं की आपोआप समजायचं.

"मोरीच्या दाराला मूत्रपिंडं लटकवलीत," सासूबाई म्हणाल्या. "कोणी आलं तर काय म्हणेल?"

"म्हणेल, जागा बरोबर निवडली," नणंद म्हणाली.

उरल्या अंतःस्रावी ग्रंथी. ती पानं पलंगाच्या उशाशी लागली, जिथे ती पाजायला आडवी व्हायची. पाजताना डोळे तर रिकामेच असतात, असा तिचा हिशेब. पण गुंडीच्या आधी तिचेच डोळे मिटायचे. ग्रंथी तशाच राहिल्या.

लग्नाआधी शाळेच्या शेवटच्या परीक्षेत ती याच एका विषयात नापास झाली होती. तो सुटला तर परिचारिकेच्या शिक्षणाला प्रवेश. आणि पुढच्या वर्षी अभ्यासक्रम बदलणार होता, म्हणजे हीच शेवटची संधी. दूध उतू जाताना, लंगोट पिळताना ही गोष्ट तिच्या कानाशी माशीसारखी गुणगुणत राहायची.

परीक्षेच्या आदल्या दुपारी नणंदेने गुंडीला सासूबाईंकडे दिलं आणि टेबलासमोर खुर्ची ओढली. "वहिनी, बसा. सराव. लहान आतड्याचं काम?"

ती बसली. तोंड उघडलं. काहीच नाही. डोकं धुतलेल्या पाटीसारखं कोरं.

"अहो, काल तर पोळपाटासमोर घडाघडा म्हणत होतात!"

ती उठली, शेगडीपाशी गेली, एका पायावरून दुसऱ्या पायावर डुलली आणि सगळं आठवलं. पित्त, स्वादुरस, रसांकुर, एकही गळलं नाही. परत खुर्चीत बसली. परत कोरी पाटी.

नणंद हसायची थांबली. "वहिनी, उद्या बसूनच लिहायचंय."

त्या संध्याकाळी ती बसायचा सराव करत राहिली. बसायची, उठायची, पुन्हा बसायची. नवरा म्हणाला, "तुला मुंग्या लागल्यात का?" ती पुन्हा उठली. आयुष्यात प्रथमच तिला खुर्चीची भीती वाटत होती.

सकाळी नवरा, नणंद आणि गुंडी शाळेच्या अंगणात थांबले. ती वरच्या मजल्यावरच्या वर्गात गेली. बाकं शाळकरी पोरांच्या मापाची. गुडघे वरच्या फळीला टेकत होते. प्रश्नपत्रिका आली. अक्षरं ओळखीची, अर्थ परका. तिने पाय हलवले, बाक करकरलं, पुढच्या मुलीने वळून डोळे वटारले. घड्याळ मात्र चालत होतं. त्याला कोणी बसवलं नव्हतं.

शेवटी तिने हात वर केला.

पर्यवेक्षिका आल्या. केस घट्ट बांधलेले, तोंडही तसंच. "काय हवंय?"

"मी उभ्याने लिहू का?"

"पाठ दुखतेय?"

"नाही. बसलं की मला आठवत नाही."

मागून कोणीतरी फिस्कन हसलं. पर्यवेक्षिकांनी तिकडे एक नजर टाकली, हसू तिथेच विरलं. मग त्यांनी हिच्याकडे पाहिलं. खांद्यावर दुधाचा वाळलेला डाग होता, तिथे जरा जास्तच वेळ.

"बसलंच पाहिजे असं नियमात कुठे लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या. "मागच्या खिडकीचा कट्टा रुंद आहे. कोणाच्या पेपरात डोकावायचं नाही."

कट्ट्यावर पेपर ठेवला आणि तिचे पाय आपोआप डुलू लागले. शेगडी आली, बोळकांडी आली, मोरी आली. ती घरभर फिरत लिहीत सुटली. दारापाशी पोचून जीवसंख्याही संपवली. राहिला एकच प्रश्न, आणि तोही सगळ्यात जास्त गुणांचा: अंतःस्रावी ग्रंथी इतर संस्थांवर कसं नियंत्रण ठेवतात, उदाहरणासह स्पष्ट करा.

ती पलंगाच्या उशाशी गेली. तिथे नुसती झोप होती.

तेवढ्यात अंगणातून गुंडीचा टाहो आला. नवरा नक्की बसला असणार. तिचा पेन थांबला, छाती भरून आली, आणि बघता बघता झंपर ओला झाला. मेली, आत्ताच! तिने पदर पुढे ओढला. धावत खाली जावं की काय, असं झालं.

मग ती थबकली. पोरगी तिकडे, दूध इकडे. मध्ये कोण धावलं?

कानांनी ऐकलं, तिने लिहिलं. चेतातंतूंनी मेंदूला सांगितलं. मेंदूखालच्या पियूषिका ग्रंथीने ऑक्सिटोसिन रक्तात सोडलं, रक्ताने ते छातीपर्यंत पोचवलं, आणि दूध सुटलं. उशाशी चिकटवलेलं पान आता ओळीओळीने दिसत होतं. खाली गुंडी रडत होती, वर ती लिहीत होती, आणि पाय दोघींसाठी डुलत होते.

घंटा झाली. पेपर हातात घेत पर्यवेक्षिका हळूच म्हणाल्या, "जा आता, पळा."

अंगणात आली तशी तिने गुंडीला ओढूनच घेतलं आणि पायरीवर बसकण मारली. गुंडीने पदराआड तोंड खुपसलं. पहिल्यांदाच आई बसल्याची तक्रार नव्हती.

"कसा गेला?" नणंद अधीर झाली. "पहिला प्रश्न काय होता? जीवसंख्येवर काय विचारलं?"

तिने डोकं मागच्या भिंतीला टेकवलं, डोळे मिटले.

"आता नको विचारू गं," ती म्हणाली. "बसलेय मी."