दूध कमी झालं नाही

नलूबाई पहिल्यांदा माझ्या ऑफिसात आल्या तेव्हा त्यांच्या अपघाताला सात महिने झाले होते. तळेगावहून आर्वी, आर्वीत गाडी बदलून वर्धा, असा प्रवास करून तिघं आले होते. नलूबाई, त्यांचे यजमान अण्णाजी आणि मुलगी मोहिनी. अण्णाजींनी कागदांची पिशवी माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "मॅडम, सगळं यात हाये. तुम्हीच पाहून घेजा."

तळेगावच्या हायवेवर डोक्यावर हिरव्या चाऱ्याचा भारा घेऊन रस्ता ओलांडताना एका कारनं नलूबाईंना उडवलं होतं. जीव वाचला. उजव्या हाताच्या कोपराचा मात्र चुरा झाला. दोन ऑपरेशनं, आत सळई, आणि तरीही बोटं पूर्ण मिटत नव्हती. कारचा विमा होता. म्हणून विमा कंपनीविरुद्ध भरपाईचा दावा.

असे दावे मी बारा वर्षं करते आहे. अर्जाचा नमुना तयार असतो. नाव, वय, व्यवसाय, उत्पन्न तेवढं भरायचं. पोलिसांच्या कागदात नलूबाईंचा दवाखान्यात घेतलेला जबाब होता. हवालदारानं विचारलं होतं, काय काम करता. त्यांनी सांगितलं होतं, "काई नाई, घरीच राह्यतो." त्याचं पोलिसी मराठी झालं होतं : सदर महिला गृहिणी असून काही कामधंदा करीत नाही. मी अर्जात लिहिलं, वय पंचेचाळीस, व्यवसाय गृहिणी. पुढच्या कागदाकडे वळले.

कंपनीचं उत्तर आलं तेव्हा माझीच चूक माझ्यासमोर आली. अर्जदार स्वतःच म्हणते की ती काही करत नाही. उत्पन्न नाही, म्हणून नुकसान नाही. दवाखान्याचा खर्च तेवढा मान्य.

शपथपत्र नीट करायला एका रविवारी मी तळेगावला गेले. त्या दिवशी माझ्या घरचा स्वयंपाक माझ्या सासूबाई, शरयूताई, करत होत्या. निघताना हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

नलूबाईंचं घर गावाच्या कडेला होतं. पुढे ओटा, मागे गोठा, तीन म्हशी. बैठकीत भिंतीवर अण्णाजींचा मोठा फोटो, गळ्यात शाल, हातात नारळ. दूध केंद्राच्या वार्षिक सभेत उत्तम दूध उत्पादक म्हणून त्यांचा सत्कार झाला होता.

मी वही उघडली आणि नलूबाईंना म्हटलं, "अपघाताच्या आधी सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय करायच्या, ते सांगा."

"काय सांगू बाई? घरचंच काम."

"म्हणजे काय काय?"

"आता ते काम थोडीच हाये. ते तर करावंच लागते." त्यांनी डाव्या हातानं उजवा हात उचलून मांडीवर ठेवला. त्यांना खरंच काही आठवत नव्हतं. मी दोनदा, तीनदा विचारलं, उत्तर तेच.

दारात मोहिनी उभी होती. हाताला शेण, ओढणी कमरेला खोचलेली. ती म्हणाली, "मले विचारा मॅडम. मी सांगतो."

आणि तिनं सांगितलं. साडेचारला उठणं. शेण काढणं, गोठा धुणं, चारा टाकणं. पहिली धार, केंद्राची गाडी यायच्या आत. मग चहा, स्वयंपाक, बाबांचा डबा. नवाला शेतात, निंदण असो की वेचणी. येताना चारा. चारला दुसरी धार. गोवऱ्या. संध्याकाळचा स्वयंपाक, भांडी. आजी होती तेव्हा आजीचं सगळं. कुठली म्हैस कधी माजावर येईल, कुठलीला कोणता पाला चालत नाही, सरकीची ढेप किती दिवस पुरेल, हे सगळं आईच्या डोक्यात होतं, असं ती म्हणाली. "आता माझ्या डोक्यात हाये. शिकावं लागलं."

मी लिहिता लिहिता थांबले. "तू कॉलेजला होतीस ना?"

"आर्वीले. बी.एस्सी. दुसरं वर्ष." ती सहज बोलून गेली आणि हात धुवायला निघून गेली.

अण्णाजी तिथंच बसून ऐकत होते. आता म्हणाले, "मॅडम, एवढं सगळं कोर्टात काऊन सांगाचं? लोक म्हनतील, मी नुसता बसून खातो."

ते बसून खाणारे नव्हते. फवारणी, डवरणी, बाजार, संत्र्याच्या पंधरा-वीस झाडांचं पाणी, सगळं तेच बघत. मी त्यांना तसं म्हटलंही. पण त्यांचा अवघडलेपणा गेला नाही. उठताना त्यांनी फोटोकडे पाहिलं.

नलूबाईंची साक्ष बरी झाली. शपथपत्रात लिहिलं होतं तेवढं त्या खालच्या आवाजात बोलल्या. भीती होती ती अण्णाजींच्या उलटतपासणीची. दहा वेळा मी त्यांना सांगितलं होतं की जे आहे ते सांगा. प्रत्येक वेळी ते म्हणाले होते, "मी पाहून घेतो."

कंपनीचे वकील सावकाश बोलणारे, अनुभवी होते.

"अण्णाजी, दूध केंद्रात खातं कुणाच्या नावावर आहे?"

"माझ्या."

"सत्कार कुणाचा झाला?"

"माझाच."

"म्हणजे दुधाचा धंदा तुमचा."

"हो."

त्यांनी केंद्राचा उतारा पुढे केला. अपघाताआधीचे सहा महिने आणि नंतरचे सहा महिने. "यात पाहून सांगा. पत्नीच्या अपघातानंतर दूध कमी झालं का?"

अण्णाजींनी चष्मा लावला. कागद दूर धरला, जवळ धरला. "नाई. कमी झालं नाई."

"शेत पडीक राहिलं?"

"नाई."

"घरात स्वयंपाक होतो ना?"

"होते."

"मग त्यांच्या हाताला दुखापत झाल्यानं तुमच्या घराचं नुकसान नेमकं काय झालं?"

मी खुर्चीत ताठ बसले. या उताऱ्याचा विचार मी केला नव्हता. केस इथेच संपू शकत होती, आणि अण्णाजींना ती संपवणं सोपं होतं. "दूध मीच काढतो" एवढं म्हटलं असतं तर त्यांचा मान राहिला असता. नलूबाई शेवटच्या बाकावर बसल्या होत्या. त्या नवऱ्याकडे पाहत नव्हत्या, पंख्याकडे पाहत होत्या.

अण्णाजींनी चष्मा काढला.

"साहेब," ते वकिलांना नाही, न्यायाधीशांना म्हणाले, "मले दूध काढता येत नाई."

कोर्टातला कारकून हसला. न्यायाधीशांनी वर पाहिलं. "काय म्हणालात?"

"येतच नाई. म्हैस मले जवळ येऊ देत नाई, लात मारते. खातं माझ्या नावावर हाये ते बराबर हाये. पन दूध मी कधी काढलंच नाई."

"मग कोण काढत होतं?"

"हीच काढे. लगन झालं तवापासून. आता पोरगी काढते, म्हनून कमी झालं नाई."

"मुलगी काय करते?"

"आर्वीले बी.एस्सी. करत होती साहेब. सोडून देल्लं."

वकिलांना इथं फट दिसली. "म्हणजे मुलीचं शिक्षण तुम्ही बंद केलं?"

"बंद नाई केलं." अण्णाजींनी चष्मा खिशात ठेवला. "कोनी काई म्हनलंच नाई. ही दवाखान्यात होती. दुसऱ्या दिवशी पोरगी उठली आन् म्हशीच्या कोठ्यात गेली. तिथून तेच चालू हाये."

"तुम्हाला मुलगाही आहे ना?"

"हाये. सचिन. नागपूरले रूम करून राह्यते. परीक्षेची तयारी करून राह्यला."

"त्याला बोलावून घेतलं नाही?"

"नाई."

"का?"

"सुचलंच नाई, साहेब."

वकिलांनी आणखी काही विचारलं नाही. न्यायाधीशांनी लघुलेखकाला एक-एक वाक्य सांगून ते सगळं नोंदवून घेतलं.

आम्ही बाहेर व्हरांड्यात आलो. अण्णाजींनी कँटीनमधून तीन चहा आणले. नलूबाईंनी डाव्या हातात कप धरला आणि मला विचारलं, "आमची गाडी किती वाजताची हाये, मॅडम?" मोहिनी आली नव्हती. चारची धार होती.

निकाल आठ महिन्यांनी लागला. न्यायाधीशांनी नलूबाईंचं काम हे काम मानलं. शेतातलं, गोठ्यातलं आणि घरातलंसुद्धा. घरच्याच माणसानं ते पुढे ओढलं म्हणून नुकसान झालं नाही असं म्हणता येणार नाही, असं स्पष्ट लिहिलं. आम्ही मागितलं होतं त्याहून रक्कम कमी, पण कंपनी देत होती त्याच्या कितीतरी पट. मोहिनीच्या बुडालेल्या वर्षांबद्दल मी वेगळा युक्तिवाद केला होता. त्यावर एकच ओळ होती : ती अर्जदार नाही, त्यामुळे त्याचा विचार करता येत नाही. कायद्यानं ते बरोबर होतं. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली आणि फाइल बंद केली.

रक्कम नलूबाईंच्या नावे बँकेत जमा झाली. त्यानंतर दोन आठवड्यांनी त्यांचा फोन आला. स्वतःहून केलेला हा पहिलाच.

"मॅडम, त्या पैशातले मी काढले तर चालते ना? कोर्ट काई म्हनत नाई ना?"

मी त्यांना समजावलं, किती मुदत ठेवीत आहेत आणि किती काढता येतील. "कशासाठी हवेत?"

"मोहिनीचं नाव पुन्हा घालाचं हाये कॉलेजात. हे म्हनत होते, सचिनच्या क्लासले देऊ, त्याचं आता होऊनच राह्यलं हाये. मी नाई म्हनलं."

"मग?"

"मग काय, हे एक टाइम जेवले नाई. दुसऱ्या टायमाले जेवले."

त्या हसल्या नाहीत, म्हणून मीही हसले नाही. पुढे त्यांनी सांगितलं, तीनपैकी एक म्हैस विकली. दोन राहिल्या.

निकालाची नक्कल द्यायला म्हणून मी सप्टेंबरमध्ये पुन्हा तळेगावला गेले. खरं तर पोस्टानं पाठवता आली असती. मोहिनी कॉलेजला गेली होती. दुसरं वर्ष नव्यानं, तिच्या बरोबरीच्या मुली पुढे निघून गेल्या होत्या. गोठ्यात एक अनोळखी बाई शेण भरत होती. नलूबाईंनी ओळख करून दिली. "ही धुरपता. कामाले ठेवली."

या घरात त्या कामाला पहिल्यांदाच मजुरी लागली होती. अण्णाजींना ती जड जात होती. "घरच्या कामाले एवढी मजुरी?" ते मला म्हणाले. नलूबाई आतून म्हणाल्या, "मग तुम्ही काढा शेन."

मी धुरपताला विचारलं, "सकाळी किती वाजता येता?"

"दहाले."

"एवढ्या उशिरा? धार तर पहाटे असते ना?"

उत्तर नलूबाईंनी दिलं. "आधी पाचाले ये म्हनलं होतं मी. आठ दिवस आली. मग एक दिवस विचारलं, तुह्या घरचं सकायचं कोन पाह्यते? म्हने, पोरगी. सातवीत हाये. शाळेत जातच नव्हती आठ दिवसांपासून." त्या थांबल्या. "मी म्हनलं, पोरगी शाळेत गेल्यावर येजो. धारेचं आम्ही पाहून घेऊ."

"आणि मग धार?"

नलूबाईंनी अण्णाजींकडे बोट दाखवलं.

अण्णाजींनी पायजमा वर करून पोटरीवरची निळी खूण दाखवली. "परवा लात बसली," ते म्हणाले. "दोन महिने झाले. एक म्हैस देते आता. दुसरी अजून नाई." नलूबाई सकाळी स्टुलावर बसून त्यांना सांगतात, सडाला हात कसा लावायचा, कुठं दाबायचं, कुठं सोडायचं. दुसरी म्हैस नलूबाईंनी डोक्यावरून हात फिरवत जवळ उभं राहिल्याशिवाय धार काढू देत नाही. केंद्रात दूध पहिल्यापेक्षा कमी जातं. खातं अजून अण्णाजींच्याच नावावर आहे. नलूबाईंचं नाव घालायचा अर्ज मी त्या दिवशी तिथंच लिहून दिला. अण्णाजींनी तो दोनदा वाचला, खिशातून पेन काढलं आणि सही केली.

मग चहा झाला. तो अण्णाजींनी केला होता आणि त्यात साखर जास्त होती.