उंचीला उंची लावलेले दगड

तुम्ही माझ्या आईशी खोटं बोललात. दफनभूमी समितीचं अध्यक्षपद, कोटावरचा बिल्ला, गावच्या इतिहासावरची तुमची भाषणं, सगळं बाजूला ठेवा आणि आधी हे ऐका. आपल्या साल्टर्स नेक गावच्या जुन्या दफनभूमीत 'रिकामी आहे' म्हणून तिला दाखवलेली जागा रिकामी नव्हती.

माझी आई, लव्हिनिया टारबॉक्स, आयुष्यभर एकाच बाईचा माग काढत होती. होपस्टिल टारबॉक्स. साडेतीनशे वर्षांपूर्वी जहाजातून या किनाऱ्यावर उतरलेली. दर मे महिन्यात लायलॅकच्या जांभळ्या फुलांचे तुरे घेऊन आई मला आणि माझ्या धाकट्या भावाला, ओरिनला, तिच्या थडग्याशी न्यायची. मऊ ब्रश पाण्यात बुडवून दगडावरचं शेवाळ काढायची.

होपस्टिलच्या डाव्या हाताला एझ्रा टारबॉक्सचा दगड. एझ्रापर्यंत आमची वंशावळ पक्की होती. त्याची आई कोण, हे मात्र कुठेच मिळेना. या गावात टारबॉक्स पैशाला पासरी. आई म्हणायची, "मेल्यावर लेकरू आईच्या कुशीशीच झोपणार. आणखी काय पुरावा हवा?" तुम्ही मान डोलावलीत. भर सभेत टाळ्या वाजवून तिला होपस्टिलची वंशज जाहीर केलंत. त्या दिवशी तिनं एकच मागितलं: मला तिच्या उजव्या हाताला पुरा.

ऑक्टोबरात आई गेली. आमच्याकडे कबर घरचेच खणतात. शवपेटी चर्चमध्ये होती आणि आम्ही दोघं खड्ड्यात.

"प्रुडन्स, कड सरळ ठेव," ओरिन म्हणाला. "नाहीतर म्हातारी पेटीतून ओरडेल, बटाटे काढताय का रे?"

मी हसले. तेवढ्यात त्याचं फावडं कशावर तरी आपटलं. दगड असेल म्हणून मी हातानं माती सारली. जबडा होता. दात जागच्या जागी. ओरिन वर चढला आणि गवतावर बसून ओकला.

मग तुम्ही आलात, चकचकीत बुटांत.

"अरेच्चा, बरंच खोल गेलात!"

"कबर खोलच असते, साहेब," ओरिन म्हणाला. "हा कोण?"

तुम्ही वाकून पाहिलंत आणि चक्क हसलात. "त्याचं काय आहे, गावच्या तीनशेव्या वाढदिवसाला आम्ही रांगा सरळ केल्या. मी तेव्हा तरुण होतो. काय ते दगड, म्हाताऱ्याच्या दातांसारखे वेडेवाकडे! गवत कापायचं यंत्रच आत जाईना."

"दगड हलवलेत?" मी विचारलं.

"फक्त दगड. माणसं कोण हलवतंय!"

"मग होपस्टिल कुठंय?"

"असेल इथेच कुठेतरी. सगळी आपलीच माणसं की."

मी विचारलं, "आणि एझ्रा? तो आधीपासून तिच्या शेजारी होता?"

तुम्ही खांदे उडवलेत. "उंचीला उंची लावली, बाई. दिसायला बरं दिसतं."

उंचीला उंची. दोन दगड एका मापाचे निघाले म्हणून एझ्राला आई मिळाली आणि आम्हाला पूर्वज मिळाली. माझी आई गुडघे टेकून चाळीस वर्षं कुणाच्या तरी डोक्यावर लायलॅक ठेवत होती. हे तुम्हाला माहीत होतं. टाळ्या वाजवतानाही माहीत होतं.

"एवढं काय मनाला लावून घेता," तुम्ही म्हणालात. "शेजारी थोडं सरकून खणा."

ओरिन उठला. मला वाटलं, मारतोय आता. पण तो पुन्हा खड्ड्यात उतरला आणि त्या अनोळखी माणसावर हातांनी माती लोटू लागला. फावडं घ्यायची त्याची हिंमत झाली नाही. मीही उतरले. तुम्ही घड्याळ पाहून निघून गेलात.

चर्चमधून पेटी उचलून आम्ही टेकडीच्या पोटातल्या दगडी कोठडीत नेली. जमीन गोठली की हिवाळ्यातली प्रेतं तिथे वसंताची वाट बघतात. या वर्षी जमीन अजून मऊ आहे आणि आत एकटी माझी आई आहे.

तिला मी कुठे पुरू? कोणता दगड कुठून उपटलात, ते तुमच्यापैकी कुणाला तरी आठवत असेल. नसेल, तर तेही तोंडानं कबूल करा, ज्या सभागृहात टाळ्या वाजवल्यात तिथेच, सगळ्या गावासमोर. होपस्टिल कुठे आहे? सांगा.