आबांचं उलटं

काटा पुन्हा प्लसकडे सरकला आणि सिद्धोधनचं डोकं भणभणलं. इंजिन बंद, दिवे चालू... म्हणजे बॅटरी उतरत असायला हवी, आणि डॅशबोर्डवरचा हा नखाएवढा काटा सांगतोय की ती भरते आहे. खोटारडा. महिनाभर हेच चाललं होतं. बॅटरी नवी, तिच्या कुजलेल्या जाड वायरी काढून त्याही नव्या घातल्या, डायनॅमोचं वाइंडिंग बांधून आणलं — आणि तरी चार्ज करून बसवलेली बॅटरी बाजारापर्यंत जाऊन आली की मान टाकते, स्टार्टरची मूठ ओढावी तर नुसतं ‘टक’. आजही दुपारीच ती चार्जिंगहून आणली होती. मी काय हिचं घोडं मारलंय?

गाडी छप्पन सालची मॉरिस. सरकारी ड्रायव्हर म्हणून त्याच्या वडिलांनी, आबांनी, ती साहेबासाठी वर्षानुवर्षं चालवली आणि लिलावात निघाली तेव्हा स्वतःच घेतली. आपला आणि गाडीचा जन्म एकाच सालचा, असं ते सांगायचे. शाळेच्या दाखल्यावरचं साल त्यांनी कधी मानलं नाही. आज रात्रीच्या रेल्वेनं आबा पुण्याला संघप्रियाकडे, लेकीकडे, निघायचे होते. कायमचे. आणि स्टेशनवर त्यांना ह्याच गाडीतून नेणार, असं सिद्धोधन सगळ्या गल्लीला सांगून बसला होता... कुणी सांगितलं होतं सांगायला? परभणीत ऑटो काय कमी आहेत?

आबा लिंबाखाली खुर्चीत बसले होते. अर्धांगवायूनं त्यांचा उजवा हात नेला आणि जिभेवरचं सगळं उलटसुलट करून ठेवलं. चहा हवा असला की ‘नको’, उकडायला लागलं की ‘थंडी’. घर रडकुंडीला आलं, तेव्हा सिद्धोधनच्या बायकोनं, रोहिणीनं, तोडगा काढला — आबा म्हणतील त्याच्या उलट धरायचं. तेव्हापासून सगळं सुरळीत होतं. आबा मधूनच ताट ढकलायचे, तोंड फिरवून बसायचे. पण आजारी माणूस चिडायचाच.

“आबा, दिवे लावले की काटा प्लसला जायलाय,” तो गाडीतूनच ओरडला. “वायरी बरोबर हायत ना?”

“उलटं,” आबा म्हणाले.

“बरोबर हायत म्हणायलेत,” रोहिणी दारातून म्हणाली. तिच्या हातात आबांच्या घडी केलेल्या बंड्या होत्या. “तुमी ऑटोवाल्याला फोन करा आता. लय झालं.”

“उलटं,” आबा पुन्हा म्हणाले आणि डाव्या हातानं त्यांनी खुर्चीचा दांडा ठोकला.

बॅटरी बसवली त्या दिवशीही ते हेच म्हणाले होते आणि बापाची शाबासकी मिळाली म्हणून सिद्धोधन दिवसभर खूश होता. आज मात्र त्याला संताप आला — काट्याचा, आबांचा, त्या बंड्यांचा. काटा उलटं बोलतो, बाप उलटं बोलतो, ह्या घरात सरळ कुणी बोलायचंच नाही का... दोघं एकच बोलतात. दोघं?

तो उतरला आणि बॉनेटपाशी गेला. काळी, मायनसची वायर गाडीच्या अंगाला घट्ट बोल्टनं बसलेली. काळी अंगाला, लाल आत. शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट — आणि एकदम लहानपणीचा चारठाण्याचा रस्ता, उघडं बॉनेट, आबांच्या खाकी शर्टाचा घामाचा वास... “हिचं न्यारं हाय बाबा. हिचा प्लस अंगाला. इलायती बाई, पदर उलट्या खांद्यावर.” किती हसलो होतो आपण तेव्हा. हसण्याच्या नादात गोष्ट विसरलो आणि पदर तेवढा लक्षात राहिला.

त्यानं वायरींची अदलाबदल केली. मग सीटवर बसून त्यानं दिवे लावले. काटा निमूटपणे मायनसकडे गेला.

म्हणजे आबा ‘उलटं’ म्हणाले ते उलटंच होतं. महिनाभर माणूस सरळ सांगत होता.

त्याला हसू यायला हवं होतं. त्याऐवजी त्याला फोन आठवला. गेल्या आठवड्यात फोनच्या स्पीकरवर संघप्रिया होती, रोहिणीनं आबांच्या कानाशी जाऊन विचारलं होतं, “आबा, पुण्याला जायचं ना अक्काकडं?” आबा म्हणाले होते, “न्हाई.” आणि सगळे आनंदले होते. आबा हो म्हणाले म्हणून संघप्रिया तिकडे रडली होती. ताट ढकललं होतं त्या रात्री आबांनी... ढकललं होतं ना?

आत्ता उतरून पुन्हा विचारता येईल. पण काहीही म्हणाले तरी ते कसं धरायचं? आणि कोणतं धरायचं हे इतके दिवस ठरवत कोण होतं — रोहिणी, संघप्रिया... की मी? न्हाई म्हणजे हो, हे किती सोयीचं होतं. त्याला स्वतःची लाज वाटली आणि त्या लाजेचाही राग आला.

लिंबाखालून आबा त्याच्याकडे बघत होते, काट्याकडे बघावं तसे.

गाडी आता सुरू होणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो स्टार्टरच्या मुठीवर हात ठेवून बसून राहिला.

“झाली का सुरू?” रोहिणीनं आतून विचारलं. बॅगेची चेन लावल्याचा आवाज आला.

“न्हाई,” तो म्हणाला. मग त्यानं ते पुन्हा म्हटलं, आणि आपण नेमकं कशाला न्हाई म्हणतोय हे तिला कळेल, अशी त्याला मुळीच खात्री नव्हती.