जाऊबाई हसली की नाही

सकाळी शर्ट घातला, काढला, तोच परत घातला. आई म्हणाली, "मास्तर, वर्गावर निघालायस की लग्नाला?"

"आज मॅडम माझ्या वर्गात येऊन बसणारेत. विभागप्रमुख. त्यांना पटलं तरच पुढच्या सत्रात मला ठेवतील."

"मग काय शिकवणारेस?"

"सिरीयल."

आईने कपाळाला हात लावला. "आपली जाऊबाई? कॉलेजात?"

तीच, आमच्या रोजच्या सिरीयलमधली व्हिलन. माझ्याकडे डिग्री नाही. मी नेटवर सिरीयलींची खेचणारं लिहायचो, लोक आवडीने वाचायचे, त्यावरून कॉलेजने पहिल्या वर्षाला लेखन शिकवायला घेतलं. तात्पुरतं. मुलांना निबंध म्हटलं की माना टाकतात. जाऊबाई म्हटलं की बाह्या सरसावतात. म्हणून माझी पद्धत अशी: एक प्रसंग लावायचा, आवाज बंद करून. आधी फक्त दिसलं तेवढं लिहायचं. काय वाटलं ते नंतर. सरमिसळ केली की माझा लाल गोल.

मॅडम शेवटच्या बाकावर बसल्या, पर्स मांडीवर घट्ट. मी प्रोजेक्टर लावला. चित्र थेट पांढऱ्या फळ्यावर. जाऊबाई कपाट उघडते, दागिन्यांचा डबा आत ठेवते, कपाट लावते, वळते. संपलं.

वर्गातही टोपी न काढणारा एक आहे, त्याला सगळे टोपीच म्हणतात. तो उठून वाचायला लागला. "जाऊबाई चोरून डबा लपवते."

"गोल. 'चोरून' कुठे दिसलं?"

"सर, ते धडामधुडूम वाजतं ना तेव्हा!"

"आवाज बंद होता."

"माझ्या डोक्यात चालू होता."

वर्ग खिदळला. मॅडम नाही. म्हटलं, आता आपला हुकमी एक्का. घरून टाइप करून आणलेला नमुना परिच्छेद फळ्यावर आणला. शेवटची ओळ: "वळताना तिच्या ओठांवर कारस्थानी हसू येतं."

"सर," पुढच्या बाकावरची चष्मेवाली म्हणाली, "ती हसत नाहीये."

"हसते गं."

"परत लावा ना."

लावलं. ओठ घट्ट मिटलेले. हसू नाहीच. परत लावलं. नाहीच!

मग आठवलं. काल जेवताना आई ओरडली होती, "हसली बघ, अवदसा!" मी ताटावरून मान वर केली तोवर जाहिरात लागली होती. आईने सांगितलेलं हसू मी न बघताच टाइप केलं. नुसतं 'कारस्थानी' माझं.

"सर, गोल?" टोपीला उकळ्या फुटत होत्या.

परिच्छेद फळ्यावर आणला, मार्कर घेतला आणि माझ्याच ओळीवर गोल काढला. गोल बटाट्यासारखा आला. प्रसंग परत लावला तर तो गोल जाऊबाईच्या पदरावर.

मागून मॅडम म्हणाल्या, "मी ही सिरीयल बघत नाही. पण ही बाई रडतेय का?"

झालं. वर्ग पेटला.

"रडेल कशाला? व्हिलन आहे ती!"

"व्हिलनला डोळे नसतात का रे?"

"डोळे चमकतात ते लाइटमुळे!"

"मग अंगठ्याने काय पुसलं? लाइट?"

टोपी तर फळ्याला नाक लावून अंगठा शोधत होता. तास संपला तरी कुणी हलेना. शेवटी मीच हाकललं.

मॅडम दाराशी थांबल्या. "नमुना चुकीचा होता तुमचा."

"हो."

"तपासला नव्हता?"

"नाही. आई म्हणाली हसली, मी लिहिलं." हे कशाला बोललो! जीभ चावली.

"असा मास्तर मी कशी ठेवू, सांगा?"

मी मार्करचं टोपण लावत, काढत राहिलो. मॅडम फळ्याकडे बघत होत्या. प्रोजेक्टर बंद, गोल तसाच.

"स्वतःच्याच ओळीवर गोल काढलात, म्हणून विचारतेय. उद्या परत येते. ठेवायचं की नाही, ते उद्या. नवा परिच्छेद आणा. तुमचा. आईंचा नको."

संध्याकाळी घरी आलो, तोच प्रसंग टीव्हीवर लावला, आवाज बंद केला.

"अरे, ऐकू दे की मेल्या!"

"आई, बोलू नकोस. नुसती बघ."

"कपाट लावते. वळते." एवढंच टाइप झालं होतं. आई पुढे सरकून, डोळे बारीक करून बघत होती.

"हसली ना रे?" तिने हळूच विचारलं. आवाजात कालचा जोर नव्हता.

"थांब," म्हटलं, आणि प्रसंग परत मागे घेतला.